हिमोग्लोबिन साडेआठ आणि चौतिसावा आठवडा: आता गोळी की सलाईन?

चौतिसाव्या आठवड्याची तपासणी. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके, सगळं ठीक. मग रक्ताचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर एका ओळीवर बोट ठेवतात: हिमोग्लोबिन ८.५. होणारी आई घरी पोचेपर्यंत सल्ले सुरू झालेले असतात. हे खा, ते खा, लोहाची गोळी बदला, लोहाची सलाईन लावून घ्या, सलाईन मुळीच नको. तिच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो: बाळाला काही होणार नाही ना?

आधी धीराची गोष्ट. लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय बरा होतो आणि त्यावरची औषधं जुनी, पारखलेली आहेत. अडचण असते ती दिवसांची. चौथ्या महिन्यात हाच आकडा आला असता तर गोळ्या घेत सावकाश भरून काढायला वेळ होता. आठव्या-नवव्या महिन्यात तो नसतो. म्हणून या टप्प्यावर कोणता उपचार करायचा हे दोनच गोष्टींवरून ठरतं: अंगात लोह किती कमी आहे आणि बाळंतपणाला दिवस किती उरलेत. हे दोन आकडे समोर ठेवले की डॉक्टरांचा सल्ला समजतो आणि त्यांना काय विचारायचं तेही कळतं.

लोह जातं कुठे?

आपण 'रक्त कमी आहे' म्हणतो, पण गर्भारपणात रक्त एकूण वाढतं. रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाहीत. त्यामुळे रक्त थोडं पातळ होतं आणि निरोगी बाईचंही हिमोग्लोबिन जरा खाली येतं. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भारपणासाठी वेगळ्या रेषा आखल्या आहेत त्या यासाठीच. पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली, मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं तर रक्तक्षय. ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र. हे आकडे दर डेसीलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे ते सांगतात. जगभरातल्या गर्भार बायकांपैकी तिघींमागे एकीपेक्षा जास्त जणी या रेषेखाली आहेत. तेव्हा हा आकडा पाहून कुणी स्वतःला दोष देऊ नये. 'नीट खाल्लं नसशील' हे वाक्य तर तिच्यासमोर कुणी उच्चारूच नये.

कारण मागणीच तेवढी मोठी असते. संपूर्ण गर्भारपणात सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं साधारण ३०० बाळाला आणि वारेला, ४५० ते ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींना, आणि बाकीचं रोजच्या नेहमीच्या घटीला. ही मागणी नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तिमाहीत भरतं, कारण जन्मल्यावरचे पहिले काही महिने त्याला त्या साठ्यावर काढायचे असतात. वार आईच्या रक्तातलं लोह ओढून बाळाकडे पोचवते, आणि आईकडे थोडं असलं तरी ओढते. त्यामुळे आधी झीज होते ती आईची. कमतरता फार झाली तर मात्र बाळाचा साठाही अपुरा राहतो, शिवाय बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

शेवटच्या तिमाहीत शरीराला रोज सहा-सात मिलिग्रॅम लोह आतड्यातून शोषून घ्यावं लागतं. ऐकायला हा आकडा चिमूटभर वाटतो. पण जेवणातल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो, वनस्पतींमधून मिळणाऱ्या लोहाचा तर आणखी कमी. म्हणून रक्तक्षय एकदा झाला की फक्त आहार सुधारून तो शेवटच्या दोन महिन्यांत भरून निघत नाही. चांगलं जेवण हवंच, पण औषधाच्या जोडीला.

आधी खात्री: हे लोहामुळेच आहे ना?

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असं दरवेळी नसतं. फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ कमी पडल्यानेही ते उतरतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं खाली असतं आणि लोहाची कितीही औषधं दिली तरी ते फारसं हलत नाही. मलेरिया, आतड्यातले जंत, किडनीचा आजार ही कारणंही असू शकतात.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली 'एमसीव्ही' अशी एक ओळ असते. तांबडी पेशी सरासरी किती मोठी आहे ते ती सांगते. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात, त्यामुळे हा आकडा उतरतो. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असेल तर चढतो. थॅलेसेमियाच्या वाहकातही पेशी लहानच असतात, पण त्यांची संख्या बऱ्याचदा भरपूर असते, आणि नेमकं निदान वेगळ्या तपासणीने होतं. एक गोंधळ इथे लक्षात ठेवायला हवा: लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एक आकडा खाली ओढतं, दुसरं वर, आणि एमसीव्ही अगदी साधा दिसतो.

सगळ्यात बोलकी तपासणी फेरिटिनची. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या कोठाराची नोंद. गर्भारपणात ते ३० च्या खाली असेल तर कोठार रिकामं होत आलंय असं बरेच डॉक्टर धरतात. मात्र अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच वर जातं. कोठार रिकामं असूनही आकडा चांगला दिसतो. त्यामुळे तपासणीच्या सुमारास ताप येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आणखी एक खूण घरच्यांना आधी दिसते, पण ती सांगायची लाज वाटते म्हणून मागे राहते. बर्फ चावत राहावंसं वाटणं, माती, खडू किंवा कच्चा तांदूळ खावासा वाटणं. याला डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं जातं. पण बर्फाची अशी ओढ हे लोह कमी असल्याचं ओळखीचं लक्षण आहे आणि उपचार सुरू झाले की अनेकदा ती काही दिवसांतच ओसरते. रात्री अंथरुणावर पडल्यावर पायांत वळवळ होऊन पाय सारखे हलवावेसे वाटणं, हेही त्यातलंच. दम लागणं आणि थकवा तर असतोच, पण नवव्या महिन्यात थकवा कुणाला नसतो? म्हणून निव्वळ थकव्यावरून अंदाज बांधू नये, रक्त तपासावं.

आता हिशेब मांडू

किती लोह कमी आहे हे काढण्यासाठी डॉक्टर एक जुनं सूत्र वापरतात. गर्भार राहण्याआधीचं वजन, गुणिले हिमोग्लोबिन जेवढं वाढवायचं तो फरक, गुणिले २.४, आणि त्यात कोठार भरण्यासाठी ५०० ची भर. समजा वजन ६० किलो, हिमोग्लोबिन ८.५ आणि न्यायचंय ११ वर. फरक अडीचचा. ६० गुणिले २.५ गुणिले २.४ म्हणजे ३६०. अधिक ५००. एकूण ८६० मिलिग्रॅम.

आता गोळीकडे बघू. ६० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असलेल्या गोळीतलं ढोबळमानाने १० ते २० टक्के लोह शोषलं जातं. रोजचे १० मिलिग्रॅम धरू. ८६० ला लागले ८६ दिवस, म्हणजे बारा आठवडे. चौतिसाव्या आठवड्यात हातात उरलेत सहा, आणि बाळ सदतिसाव्यातही येऊ शकतं. त्यातच या दहा मिलिग्रॅममधला चांगला वाटा रोज बाळाकडे जातोय.

हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. लोह फार कमी असलेलं शरीर ते जास्त नेटाने शोषून घेतं, आणि कोठाराचे ५०० बाळंतपणाआधीच भरले पाहिजेत असंही नाही. पण गोळी की सलाईन हा वाद दिवसांचा वाद आहे, एवढं यातून स्पष्ट होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.२ असलेल्या बाईला गोळ्या पुरतात. तिला सलाईनची घाई करण्याचं कारण नाही. चौतिसाव्या आठवड्यानंतर लोहाची कमतरता नक्की झालेली असेल आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, तर शिरेतून लोह देण्याचा विचार व्हायला हवा. ब्रिटनमधल्या रक्ततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. माझ्या मते अशा वेळी 'आणखी महिनाभर गोळ्या घेऊन बघू' म्हणण्यात हातातला महिनाच वाया जातो.

गोळी घ्यायची तर अशी

पाकिटावरचा मोठा आकडा फसवा असतो. 'फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅम' लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅममध्येही तेवढंच, तर फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅममध्ये जेमतेम ३५. बाकीचं वजन त्याला चिकटलेल्या क्षाराचं. म्हणून दोन गोळ्यांची तुलना करायची तर बारीक अक्षरातला 'एलिमेंटल आयर्न' हा आकडा शोधायचा.

गोळी उपाशी पोटी, पाण्याबरोबर किंवा लिंबू-संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर उत्तम. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्यापासून ती लांब ठेवायची, निदान तास-दोन तास. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. गर्भारपणात कॅल्शियम आणि आयर्न दोन्ही गोळ्या चालू असतात आणि विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेतल्या जातात. औषध वेळेवर पोटात जातं, पण अंगी लागत नाही. एक सकाळी आणि एक रात्री, एवढा बदल पुरतो. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि आयर्नमध्ये चार तासांचं अंतर हवं.

डोस दुप्पट केला की हिमोग्लोबिन दुप्पट वेगाने वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं होत नाही. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक तयार करतं. आतड्यातून लोह आत येण्याच्या दारावरचा तो राखणदार. एक मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढतं आणि पुढचे सुमारे २४ तास दार अर्धवट लावून घेतं. मग त्याच दिवशी घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीतलं लोह बरंचसं आतड्यातच राहतं आणि त्रास देतं: मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता. म्हणूनच हल्ली दिवसातून एकच डोस, आणि त्रास होत असेल तर दिवसाआड, असा सल्ला मिळतो. तुमच्यासाठी काय योग्य ते डॉक्टर ठरवतील, पण 'दिवसाआड चालेल का?' असं विचारायला काहीच हरकत नाही. परवडत नाही, सोसत नाही म्हणून गुपचूप बंद करण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. न शोषलेल्या लोहाचा तो रंग. आणि गोळी लागू पडतेय का ते बघायला बाळंतपणाची वाट पाहायची नाही. दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढायला हवं. नियमित घेऊनही वाढलं नाही, तर निदान तरी चुकलंय, शोषण तरी होत नाहीये, नाहीतर कुठून तरी रक्त जातंय. त्याचा शोध घ्यायचा आणि मार्ग बदलायचा.

सलाईन लावतात तेव्हा

शिरेतून दिलेलं लोह आतड्याचं दार टाळून थेट रक्तात जातं. पहिल्या तिमाहीत ते देत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत देतात. आयर्न सुक्रोज हे जुनं औषध एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देता येतं, म्हणून चार-पाच खेपा होतात. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजसारख्या नव्या औषधात वजन पाहून एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत लोह देता येतं आणि बाटली पंधरा मिनिटांत संपते. आपल्या हिशेबातले ८६० मिलिग्रॅम म्हणजे गोळ्यांचे तीन महिने किंवा अशी एक बैठक.

बाटलीतलं औषध गडद तपकिरी दिसतं आणि त्या रंगानेच पहिल्यांदा धडकी भरते. सुई नीट शिरेत आहे याची खात्री करून थेंब सुरू होतात. या वेळी एकच गोष्ट बाईने स्वतः सांभाळायची: सुईच्या जागी आग व्हायला लागली, दुखलं किंवा फुगलं, तर त्याच क्षणी नर्सला सांगायचं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं राहू शकतो. संकोचून 'होईल कमी' म्हणत बसण्याची ही जागा नव्हे.

काहींना औषध सुरू होताच चेहरा तापल्यासारखा होतो, छाती जड वाटते, पाठ दुखते. बहुतेक वेळा थेंब थांबवले की हे आपोआप निवळतं आणि मग हळू वेगाने पुन्हा सुरू करता येतं. खरी गंभीर अ‍ॅलर्जी, ज्यात रक्तदाब कोसळतो आणि श्वास अडतो, ती फार विरळ; पण ती होऊ शकते म्हणूनच ही सलाईन घरी लावायची नसते. तातडीची औषधं आणि प्रशिक्षित माणसं जिथे हजर आहेत तिथेच ती घ्यायची, आणि संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबायचं. दिवस भरत आले असतील तर बाळाच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवतात. आधी कधी इंजेक्शनच्या लोहाची अ‍ॅलर्जी झाली असेल, दमा असेल किंवा सध्या ताप असेल, तर हे आधीच सांगायचं. अंगात जंतुसंसर्ग चालू असताना शिरेतून लोह देणं टाळतात. कार्बोक्सीमाल्टोजने काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं. सलाईननंतर काही दिवसांनी थकवा वाढला किंवा हाडं दुखू लागली तर ते तपासून घ्यावं.

मात्र सलाईन लावली म्हणजे दुसऱ्या दिवशी रक्त भरलं, असं नसतं. लोह हा कच्चा माल. त्यातून पेशी घडवायचं काम अस्थिमज्जेचं. नव्या पेशी आठवडाभरात रक्तात दिसू लागतात, हिमोग्लोबिन डोळ्यांत भरेल इतकं वाढायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे छत्तिसाव्या आठवड्यातली सलाईन बाळंतपणाच्या कामी येते. एकोणचाळिसाव्यातली येईलच असं नाही, पण बाळंतपणानंतर आईला उभं करायला तीच उपयोगी पडते.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली आणि बाळंतपण तोंडावर, किंवा छाती धडधडतेय, बसल्या जागी दम लागतोय, रक्तस्राव होतोय, अशा वेळी मात्र रक्तच चढवावं लागतं. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं. रक्त लगेच काम करतं, पण त्याचे स्वतःचे धोके आहेत. परक्या रक्तपेशींविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि ती पुढच्या गर्भारपणात त्रास देऊ शकतात. आधीच ताण पडलेल्या हृदयावर जादा द्रवाचा भार येऊ शकतो. म्हणून 'एक पिशवी लावूनच टाका' हा सोपा तोडगा नव्हे.

कळा सुरू होण्याआधीची तयारी

एवढी धडपड कशासाठी, ते बाळंतपणाच्या त्या तासाभरात कळतं. नैसर्गिक बाळंतपणात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई एवढं बहुधा सोसते. ७ वर असलेल्या बाईकडे सोसायला शिल्लकच नसते. शिवाय रक्तक्षय जितका तीव्र तितका अतिरक्तस्रावाचा धोकाही जास्त, हे पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या मध्यम ते तीव्र रक्तक्षय असलेल्या १०,००० हून अधिक बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे आधीच कमी, त्यात जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून हिमोग्लोबिन कमी असताना दिवस भरले तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात व्हावं. रक्तगट आणि जुळणीची तपासणी आधीच झालेली असावी, बाळ जन्मताच गर्भाशय आकसण्यासाठी ऑक्सिटोसिन दिलं जावं. आणि बाळाच्या वाट्याचं थोडं लोह त्या क्षणी फुकट मिळतं, ते दवडू नये: बाळ आणि आई दोघं ठीक असतील तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबतात. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. नोंदणीच्या वेळीच डॉक्टरांशी हे बोलून ठेवावं. कळांच्या धांदलीत ते कुणाला आठवत नाही.

बाळ हातात आलं की सगळं लक्ष त्याच्याकडे वळतं आणि आईच्या गोळ्या कपाटात पडून राहतात. हिमोग्लोबिन जाग्यावर आल्यावरही कोठार भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात. अंगावर पाजतानाही त्या चालतात. सलाईन घेतली असेल तर गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते विचारून घ्यावं, कारण लगेच घेऊन उपयोग होत नाही. बाळंतपणात रक्त जास्त गेलं असेल तर दोन दिवसांच्या आत हिमोग्लोबिन पुन्हा तपासायला हवं.

घरात आधीचं लहान मूल असेल तर या गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका. चकचकीत रंगीत गोळ्या मुलांना खाऊ वाटतात, आणि मूठभर आयर्नच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. पाकीट उंचावर, बंद कपाटात ठेवा. मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्या, आणि उरलेलं पाकीट बरोबर घ्या, म्हणजे पोटात किती लोह गेलंय याचा डॉक्टरांना लगेच अंदाज येईल.

पुढची तपासणी चुकू नये यासाठी एक साधी युक्ती: बाळाच्या जन्मानंतर साधारण सहा आठवड्यांनी त्याच्या लसीची तारीख असते. ती सगळं घर लक्षात ठेवतं. त्याच दिवशी आईचंही रक्त तपासायला द्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही.